रोममध्ये काय खायचं, कुठे खायचं आणि कुठून उठून यायचं



धाकट्या जाऊबाई पुढच्या महिन्यात युरोपला निघाल्या आहेत. बारा दिवस, पाच देश, शिवाय 'संपूर्ण जैन भोजन'. त्या भोजनाचे वेगळे पैसे भरले आहेत. परवा फोनवर म्हणाल्या, "ताई, तुम्ही महिनाभर रोमला राहून आलात. तिथलं खास असं आपल्याला काही खाता येतं का? की नुसतंच बघायचं?"

मी म्हटलं, लिहूनच सांगते. एकटीला सांगण्यापेक्षा सगळ्यांना उपयोग होईल. आणि खरं सांगायचं तर या विषयावर माझं एक मत आहे, ते बरेच दिवस पोटात आहे.

आमची मुलगी नोकरीनिमित्त रोमला होती. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. जाताना मीही तेच केलं, जे आपण सगळ्याजणी करतो. एक अख्खी बॅग खाकरे, मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या. मुलगी म्हणाली, "आई, इथे गहू मिळतो गं." पित्सा-पास्त्याच्या देशात गहू मिळतो, हे मला कुणीतरी सांगायला हवंच होतं!

आता मत सांगते. परदेशात गेल्यावर आपली माणसं दोन टोकांना जातात. एक टोक म्हणजे हॉटेलच्या हॉलमध्ये पनीरची भाजी आणि डाळ-भात खाऊन परत बसमध्ये बसायचं. अशा माणसाने रोम पाहिलं असेल, पण रोमचं मीठ त्याच्या जिभेला लागलेलं नसतं. दुसरं टोक म्हणजे, "चीज तर आहे, मांस कुठेय? परदेशात एवढं चालतं." मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात भीती आहे आणि दुसऱ्यात आळस. हे मी वरच्या पायरीवर उभी राहून सांगत नाही. दुसऱ्या टोकाला मी स्वतः तीन दिवस राहून आले आहे.

झालं असं. रोमचा सगळ्यात नावाजलेला पास्ता म्हणजे 'काचो ए पेपे'. काचो म्हणजे चीज, पेपे म्हणजे मिरी. पास्ता, चीज, मिरपूड आणि पास्ता उकडलेलं पाणी, बस्स. कांदा नाही, लसूण नाही, अंडं नाही. सुका पास्ता तर गव्हाच्या रव्याचा आणि पाण्याचा. इटलीत तसा 1967 सालापासून कायदाच आहे. मी खूश. हे तर माझ्याहून खूश. घरी भाताबरोबर लोणचंसुद्धा मोजून घेणारा माणूस तीन दिवस सलग तोच पास्ता मागत होता.

चौथ्या दिवशी मी चीजच्या दुकानात गेले. म्हटलं, घरीच करावा, रोज बाहेर कशाला पैसे घालवायचे. मुलगी दुभाष्या. दुकानदार म्हातारा, बोलका. त्याने अभिमानाने सांगितलं की काचो ए पेपेला पेकोरिनो रोमानोच लागतं, मेंढीच्या दुधाचं, आणि ते विरजायला कोकराचं रेनेट घालतात. नियमच आहे, दुसरं काही घातलं तर ते नाव लावता येत नाही. मी मुलीला दोनदा विचारायला लावलं. कोकराचं म्हणजे? त्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलं. दूध पिणाऱ्या कोकराच्या जठरातून काढलेलं.

मैत्रिणींनो, रेनेट म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. आपल्याकडे चीजच्या डब्यावरचा हिरवा ठिपका मी वीस वर्षं बघून घेते. पण तिथे ठिपका नव्हता, आणि मी विचारलं नाही. पदार्थ आवडला होता म्हणून विचारलं नाही, हे जास्त खरं.

घरी येताना एकच विचार होता, यांना सांगायचं की नाही. मुलगी म्हणाली, "आई, बाबांना नको सांगूस. त्यांना माहीत नव्हतं, त्यांना कसला दोष? उगाच महिनाभर मनाला लावून घेतील." तिचंही चुकलं नव्हतं. रात्री चारी प्रकारच्या आहाराचा त्याग हे गेली तीस वर्षं पाळतात, दशलक्षणात एकभुक्त असतात. त्यांना हे सांगणं म्हणजे काय, हे मलाच ठाऊक. पण न सांगावं तर उद्या ते परत तोच पास्ता मागणार, आणि मी काहीतरी खोटं कारण काढणार. एक लपवायला दुसरं. संध्याकाळच्या जेवणाआधीच सांगून टाकलं. हे काही बोलले नाहीत. उठून हात-तोंड धुतलं, माळ घेऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून परत येईपर्यंत तूप आणि साखर सोडली, आणि सांगलीला आल्यावर महाराजांपुढे दोघांनी सांगितलं. मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून जाऊबाईंसाठी पहिली गोष्ट: काचो ए पेपे, ग्रिचा, कार्बोनारा, आमात्रिचाना, रोमचे हे चार मोठे पास्ते आपले नाहीत. शेवटच्या तिघांत डुकराच्या गालाचं मांस असतंच. कुठल्याही यादीत 'रोममध्ये इथे खा' म्हणून हेच चार आणि त्यांची खानावळ असते, ती यादी मिटून ठेवायची. पार्मिज्यानोही तसंच, त्यात वासराचं रेनेट. म्हशीच्या दुधाचं नावाजलेलं मोझारेल्ला घेतलंत तरी तेच. 'काल्यो वेजेताले', म्हणजे वनस्पतीचं विरजण, असं वेष्टनावर लिहिलेलं चीज मोठ्या दुकानांत मिळतं, ते घरी करायला घ्यावं. मास्कारपोने हे साईचं चीज आंबटाने फाडतात, त्याला रेनेट लागत नाही.

इथे एक गंमत सांगते. चीजच्या विरजणाला इटालियनमध्ये 'काल्यो' म्हणतात आणि लसणाला 'आल्यो'. एका ठिकाणी मी स्वतः, दुभाषी न घेता, ठासून सांगितलं, "सेंत्सा काल्यो." सेंत्सा म्हणजे शिवाय. वेटर मान डोलावून गेला आणि बिनलसणाचा पास्ता वर भरपूर चीज किसून घेऊन आला. त्या पोराची काय चूक? तेव्हापासून मी कागदावर लिहून नेऊ लागले.

आता खायचं कुठे ते.

माझ्या मते आपल्या माणसाने रोममध्ये पहिलं जेवायला जावं ते जुन्या ज्यू वस्तीत. नदीकाठी, व्हिया देल पोर्तिको द'ओत्ताविया नावाचा रस्ता आहे, तो. 1555 साली पोप पॉल चौथे यांनी रोमच्या ज्यूंना या एवढ्याशा जागेत भिंती घालून कोंडलं. सुटका पुरती व्हायला 1870 उजाडलं. 16 ऑक्टोबर 1943 ला पहाटे जर्मन सैनिकांनी इथून आणि शहरभरातून एक हजाराहून जास्त माणसं, बायका-पोरं उचलून आउश्वित्सला पाठवली. त्यांतले 16 जण परत आले. रस्त्यातल्या फरसबंदीत दारांसमोर पितळेचे छोटे चौकोन बसवले आहेत, त्यावर नावं आहेत. मी पाय जपून टाकत होते.

या लोकांचाही आहाराचा धर्म आहे. कोशर म्हणतात. त्यात मांस आहे, तेव्हा आपल्यासारखा नाही. पण मांस आणि दूध एकत्र करायचं नाही, भांडीसुद्धा वेगळी, असा कडक नियम आहे. त्यामुळे तिथल्या काही खानावळी फक्त दुधाच्या असतात. त्या स्वयंपाकघरात मांस शिरतच नाही, मांसाचं पाणीही नाही. मासे मात्र असतात, ते ध्यानात ठेवायचं. 'आमच्या आहारात अमुक चालत नाही' असं म्हटल्यावर तिथली माणसं हसत नाहीत, हे मला फार मोठं वाटलं. दुसरीकडे मला दहा वेळा समजावून सांगावं लागायचं. इथे मालकीणबाईंनी उलट मलाच विचारलं, "कांदा का नाही?" मुलीने जमिनीखालचे जीव, अनंतकाय, जमेल तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, आमच्यात पाल्यातले किडे बघतात. आणि मग त्या आर्टिचोकबद्दल बोलल्या.

तेच सांगायचं आहे. कार्चोफी आल्ला जुदिया, म्हणजे ज्यू पद्धतीचे आर्टिचोक. ही काटेरी झाडाची कळी असते, आपल्या कमळाच्या कळीएवढी, घट्ट पाकळ्यांची. रोमभोवती होणारी गोल जातीची कळी फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम. बाहेरच्या कडक पाकळ्या सुरीने गोल फिरवत तासायच्या, लिंबाच्या पाण्यात ठेवायच्या, मग अख्खी कळी तेलात दोनदा तळायची. दुसऱ्यांदा ती सोन्याच्या फुलासारखी उमलते. मीठ, लिंबू, तेल. लसूण नाही, चरबी नाही, कारण चरबी डुकराची आणि ती ज्यूंना वर्ज्य. याचाच दुसरा प्रकार 'आल्ला रोमाना', त्यात लसूण, पुदिन्यासारखा पाला, कधी वाइनही. तो आपला नाही.

मी जुदिया खाल्ला. पाकळ्या पापडासारख्या आणि देठाकडे लोण्यासारखा. एकाचे सहा युरो घेतले, रुपयांत आकडा करायचा नाही असं मुलीने बजावलं होतं, तरी केलाच. बी.कॉम.ची सवय जात नाही.

आता यातली ग्यानबाची मेख. 2018 साली इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने सांगितलं की अख्खी कळी तळली तर आतल्या पाकळ्यांत किडे आहेत की नाहीत हे बघता येत नाही, म्हणून हा पदार्थ कोशर नाही. रोमचे ज्यू चिडले. पिढ्यानपिढ्यांचा त्यांचा पदार्थ! त्यांचं म्हणणं, आमच्या जातीची कळी इतकी घट्ट असते की आत किडा जाऊच शकत नाही, आणि साफ कशी करायची हे आम्हाला कळतं. त्यांनी करणं सोडलं नाही.

हे ऐकून मला माझ्या सासूबाई आठवल्या. पालेभाजी निवडताना एकेक पान उजेडात धरायच्या. 'शोधून घेतल्याशिवाय चुलीवर जायचं नाही.' फ्लॉवर तर आमच्या घरात कधी आलाच नाही. हजारो कोसांवरची, वेगळ्या धर्माची माणसं त्याच एका प्रश्नावर भांडत होती. पानाच्या आत जीव आहे का? मांडीवर ताट घेऊन बसलेल्या सासूबाई त्या वादात सहज बसल्या असत्या, आणि त्यांचं मत काय झालं असतं हेही मला ठाऊक आहे.

मी दुसऱ्या दिवशी बाजारातून सहा कळ्या आणल्या आणि मुलीच्या ओट्यावर मिठाच्या पाण्यात बुडवून एकेक पाकळी उघडली. पाच स्वच्छ निघाल्या. सहाव्या कळीत, तिसऱ्या-चौथ्या थरात, मोहरीहून बारीक काळे ठिपके. भिंग लावावं लागलं नाही, चालत होते.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. अख्खा तळलेला आर्टिचोक आपण खाऊ नये. मुलीचं मत उलट आहे. तिचं म्हणणं, सहात एक म्हणजे आपल्या कुठल्याही पालेभाजीपेक्षा चांगलं प्रमाण, आणि तू कोथिंबीर सोडलीस का? मी कोथिंबीर शोधून घेते, हॉटेलातला आर्टिचोक मला शोधता येत नाही, हा फरक आहे. ती म्हणते, आपल्याकडच्या हॉटेलातली कोथिंबीर कोण शोधतं? याला माझ्याकडे उत्तर नाही, तेवढं कबूल करते. आम्ही दोघी यावर आजही भांडतो.

पण पदार्थ सोडायचं कारण नाही. काम्पो दे' फियोरीच्या चौकात सकाळी भाजीबाजार भरतो. तिथे बायका-पुरुष बसल्या जागी कळ्या तासतात आणि पार आतलं गाभ्याचं बूड लिंबाच्या पाण्यात घालून विकतात. पाकळ्या नाहीत, केस नाहीत, सगळं उघडं. ते आणून काप करून तेलात परतले, मीठ-मिरी-लिंबू घातलं, यांनी फुलक्याबरोबर खाल्ले. तिथेच पुंतारेल्ले मिळते, कडसर भाजीचे कोवळे कोंब, बारीक चिरून गार पाण्यात टाकले की शेवयांसारखे कुरळे होतात. हॉटेलात त्यावर लसूण आणि खारवलेले छोटे मासे वाटून घालतात. घरी लिंबू, मीठ, ऑलिव्ह तेल घालावं. आपल्या मेथीच्या घोळाण्याची आठवण येते. त्याचा हंगाम थंडीतला, आम्हाला शेवटचे थोडे मिळाले.

त्याच चौकाच्या कोपऱ्यात बेकरी आहे, फोर्नो काम्पो दे' फियोरी. तिथली पित्सा ब्यांका म्हणजे पांढरा पित्सा. चीज नाही, टोमॅटो नाही, दीड-दोन हात लांबीची पोळीच, वर तेल आणि खडेमीठ. कापून, वजन करून देतात. ब्रेडच न खाणारे आपल्यात आहेत, त्यांना हे चालणार नाही. आम्ही खातो. 'स्त्रुत्तो', म्हणजे डुकराची चरबी, घातली आहे का, हे कुठल्याही बेकरीत विचारायचंच. काही ठिकाणी पिठात घालतात. नुसत्या टोमॅटोची पित्सा रोस्साही मिळते, तिथे 'आल्यो' विचारा, काल्यो नव्हे!

ज्यू वस्तीतल्या पाटी नसलेल्या जुन्या बेकरीत सुकामेव्याची जळकट दिसणारी वडी मिळते, फार नावाजलेली. पण तिच्यात पांढरी वाइन घालायची पद्धत आहे. आम्ही वास घेऊन परत आलो.

न्योक्की हा गुरुवारचा पदार्थ, बटाट्याचा, म्हणजे बाद. पण 'न्योक्की आल्ला रोमाना' रव्याचे असतात, हे फार जणांना माहीत नाही. दुधात रवा शिजवायचा, ताटात थापायचा, वाटीने गोल पाडायचे आणि लोणी-चीज लावून भट्टीत भाजायचे. बाहेर त्यात अंड्याचा बलक असतो, तेव्हा बाहेर नको. मी मुलीकडे बलक वगळून, विनारेनेटचं चीज घालून केले. सांज्याच्या वड्याच त्या. हे दोन घेऊन तिसऱ्याला हात घालत होते तेव्हा मला बरं वाटलं. तूप सोडलं होतं म्हणून त्यांच्या वाटणीच्या वड्यांना मी लोणीही लावलं नव्हतं.

दुपारच्या उन्हात पँथिऑनजवळ ताझ्झा दोरो नावाच्या कॉफीच्या दुकानात कॉफीचा बर्फ मिळतो, खाली-वर फेटलेली साय. कॉफी, साखर, पाणी, साय, एवढंच. आणि नदीकाठी टपऱ्यांवर ग्रात्ताकेक्का, म्हणजे चक्क आपला बर्फाचा गोळा, लिंबू किंवा चेरीच्या रसाचा. बर्फ न खाणाऱ्यांनी सोडून द्यावा. पाण्याचं म्हणाल तर रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ सतत वाहतात, त्यांना नाझोनी म्हणतात, म्हणजे मोठ्या नाकाचे. 1874 पासूनचे, गावभर दोन हजारांहून जास्त. पर्समध्ये गाळायचं फडकं होतंच. नळाखाली बाटली धरून मी पाणी गाळते म्हटल्यावर एक शाळकरी पोरगं थांबून बघायला लागलं. जीवानी परत त्याच धारेखाली हलक्या हाताने सोडली.

वेळेचं गणित सोपं आहे. एप्रिलमध्ये तिथे सूर्यास्त आठच्या सुमाराला, जूनमध्ये पावणेनऊला. खानावळी रात्री साडेसातला उघडतात. उन्हाळ्यात कशीबशी वेळ जमते, पण थंडीत पाचच्या आत दिवस मावळतो, तेव्हा मुख्य जेवण दुपारीच घ्यावं. बिल मात्र वाचून द्या. त्या प्रांतात टेबलाचे पैसे, 'कोपेर्तो', लावायला बंदी आहे, पण ब्रेडचे म्हणून लावतात. ब्रेड नको असेल तर टोपली आल्या आल्या परत द्यायची.

एका जागेबद्दल शेवटी सांगते. 'खरं रोम तेस्ताच्चोत खा,' असं जो तो सांगतो. तिथे 1975 पर्यंत शहराचा कत्तलखाना होता. कामगारांना पगारात उरलेले अवयव मिळत, त्यातून तिथला स्वयंपाक तयार झाला. आता तिथे चित्रप्रदर्शनं भरतात. आम्ही चुकून त्या वाटेने गेलो. वर लोखंडी आकडे आणि रुळ अजून आहेत. हे दारातच थांबले, मीही आत गेले नाही. तेव्हा जाऊबाई, तेस्ताच्चो कुणी कितीही सांगितलं तरी राहू द्या.

टूरच्या महाराजांच्या हातचं जेवण वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण एका दुपारी तरी पॅकेट न उघडता काम्पो दे' फियोरीच्या पायरीवर बसून अर्धा हात पांढरा पित्सा खा, आणि आधी विचारून खा. लागणारे सहा शब्द मी देवनागरीत आणि रोमन लिपीत लिहून दिले आहेत. बस त्या चौकाजवळ किती वेळ थांबते, हे कंपनीला विचारायला सांगितलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.